युरोपचा दर एक, दारं सत्तावीस : नाशिकहून निर्यात सुरू करणाऱ्यांसाठी

निफाड-दिंडोरीकडे बोलताना सहज म्हणतात, "माल हॉलंडला गेला." कंटेनर रॉटरडॅमला उतरतो, त्यामुळे ते खरंच आहे. पण त्या द्राक्षांवर किती आयात शुल्क लागणार, हे नेदरलँड्सचं सरकार ठरवत नाही. तो दर युरोपीय संघाच्या २७ देशांनी मिळून ठरवलेला असतो आणि हॅम्बुर्ग, अँटवर्प, मार्सेय अशा कुठल्याही बंदरात तोच असतो. पेटी उघडून नमुना काढायचा की माल तसाच सोडायचा, हे मात्र त्या-त्या बंदरावरचा अधिकारी ठरवतो. नवीन निर्यातदाराची बहुतेक अडचण इथूनच सुरू होते. जे ब्रुसेल्सला, म्हणजे संघाच्या मुख्यालयात ठरतं, ते तो बंदरावर विचारत बसतो, आणि जे बंदरावर सुटलं असतं त्यासाठी दिल्लीला पत्रं लिहितो.

द्राक्ष, बेदाणा, कांदा पाठवू पाहणारे बागायतदार, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि सातपूर, अंबड, सिन्नरचे लघुउद्योजक यांच्यासाठी हा लेख आहे. प्रत्येक टप्प्यावर दोनच प्रश्न विचारायचे: नियम कोणी केला, आणि तो राबवतो कोण?

आधी गट कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

देशांचा गट म्हटला की सगळ्यांचा बाहेरचा दर एकच असेल, असं नसतं. नाशिकच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना सीमाशुल्क संघ लगेच समजेल. आतले सगळे नाके उठवायचे, बाहेरच्या वेशीवर नाका ठेवायचा आणि तिथला दर सगळ्यांनी मिळून एकच लावायचा. युरोपातल्या तेव्हाच्या सहा देशांनी हे १ जुलै १९६८ पासून केलं. आज त्यात २७ देश आहेत.

मुक्त व्यापार क्षेत्र वेगळं. तिथे सदस्य देश एकमेकांचा माल कमी शुल्कात किंवा शुल्काविना घेतात, पण बाहेरच्या मालासाठी प्रत्येकाचा दर स्वतःचा असतो. आग्नेय आशियाई देशांचा आसियान हा गट असाच आहे. त्यामुळे मलेशियाचा दर पाहून व्हिएतनामचा हिशेब मांडता येत नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन यांचा एफ्टा हा गटही युरोपीय संघाबाहेर आहे. भारताचा एफ्टाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे, पण त्याची सवलत झुरिकला लागते, म्युनिकला नाही. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात म्हणून ही चूक वारंवार होते.

आखाती सहकार्य परिषदेच्या देशांनी २००३ मध्ये सीमाशुल्क संघ केला आणि सर्वसाधारण दर ५ टक्के ठेवला. तरीही संयुक्त अरब अमिरातीने भारताशी स्वतंत्र करार केला आणि तो १ मे २०२२ पासून लागू झाला. युरोपीय संघात असं होऊच शकत नाही. जर्मनीची कितीही इच्छा असली तरी तिला भारताशी एकटीने शुल्क कमी करण्याचा करार करता येत नाही. तुर्कस्तानचा युरोपीय संघाशी १९९५ च्या अखेरीपासून सीमाशुल्क संघ आहे, पण तो मुख्यतः औद्योगिक मालापुरता. ताजी फळं-भाज्या त्यात येत नाहीत.

ब्रिटनसाठी वहीत वेगळं पानच करा. १ जानेवारी २०२१ पासून त्याचा दर, त्याची विकसनशील देशांसाठीची सवलत योजना आणि मालात औषधांचा अंश किती चालेल याच्या मर्यादेचे त्याचे निर्णय सगळं वेगळं झालं आहे. रॉटरडॅमला सोडवलेला माल पुढे लंडनला न्यायचा तर तिथे नव्याने आयात करावी लागते आणि नव्याने शुल्क भरावं लागतं.

काय एकत्र ठरतं आणि काय नाही

संघाच्या कामकाजाच्या कराराचं कलम २०७ हा सगळ्याचा पाया. आयात शुल्काचे दर, बाहेरच्या देशांशी व्यापार करार, विकसनशील देशांना एकतर्फी सवलत, डंपिंगविरोधी शुल्क (अवाजवी स्वस्तात विकलेल्या परदेशी मालावरचं जादा शुल्क) हे सगळं संघाच्या एकट्याच्या अधिकारात आहे. जागतिक व्यापार संघटनेत २७ देश स्वतः सदस्य असले तरी त्यांच्या वतीने बोलतो तो युरोपीय आयोग, म्हणजे संघाचा कारभार पाहणारी संस्था.

मूल्यवर्धित कर मात्र देशागणिक वेगळा. खाद्यपदार्थांवर नेदरलँड्समध्ये ९ टक्के, जर्मनीत ७ टक्के. हा कर आयातदार भरतो आणि पुढे त्याची वजावट घेतो, तरी तेवढे दिवस त्याचे पैसे अडकतात. नेदरलँड्समध्ये परवाना असलेल्या आयातदाराला हा कर बंदरावर रोख न भरता पुढच्या विवरणपत्रात दाखवता येतो. रॉटरडॅमची गोदी आवडती का, याचं एक कारण हेही आहे. तुमच्या आयातदाराकडे तो परवाना आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

सीमाशुल्काची संहिता सगळ्यांना एकच आहे, पण सीमाशुल्क अधिकारी त्या-त्या देशाचे नोकर आहेत. तपासणीची फी, दंडाची रक्कम, प्रयोगशाळेचा अहवाल किती दिवसांत येतो, यात बंदरागणिक फरक पडतो. वसूल झालेल्या शुल्कातले २५ टक्के तो देश वसुलीखर्च म्हणून ठेवतो आणि ७५ टक्के संघाच्या तिजोरीत जातात. म्हणून शुल्क माफ करण्याचा अधिकार बंदरावरच्या कोणालाही नाही. तसं आश्वासन देणाऱ्या दलालापासून दूर राहा.

निर्णय कसा होतो आणि बातमी कशी वाचायची

"युरोपने शुल्क काढलं" अशी बातमी आली की बाजारात लगेच भाव बोलले जातात. पण बातमी आणि दर यांच्यामध्ये मोठं अंतर असतं. ते असं चालतं.

वाटाघाटी सुरू करायला आयोग सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेकडे परवानगी मागतो. परिषद परवानगी देते आणि काय साधायचं याचे निर्देशही देते. मग वाटाघाटी करतात आयोगाच्या व्यापार महासंचालनालयाचे अधिकारी. सदस्य देशांचे प्रतिनिधी व्यापार धोरण समितीत बसून त्यांच्यावर लक्ष ठेवतात. मसुदा तयार झाला की कायदेशीर छाननी होते आणि संघाच्या २४ अधिकृत भाषांत भाषांतर होतं. यातच महिनेच्या महिने जातात. नंतर परिषद सहीला मान्यता देते. साधारणपणे त्यासाठी किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्यांच्याकडे संघाची ६५ टक्के लोकसंख्या, असं बहुमत लागतं. त्यानंतर युरोपीय संसदेची संमती. लिस्बन करार १ डिसेंबर २००९ ला लागू झाल्यापासून ही संमती टाळता येत नाही. शेवटी परिषद करार पक्का करते.

करारात संघाच्या एकट्याच्या अधिकाराबाहेरचा विषय असला, तर तो मिश्र करार होतो आणि प्रत्येक देशाच्या संसदेकडेही जातो. कॅनडाबरोबरचा करार ऑक्टोबर २०१६ मध्ये सहीला आलेला असताना बेल्जियममधल्या वालोनिया या एका प्रांताने अडवून धरला होता. त्याचा बहुतांश भाग २१ सप्टेंबर २०१७ पासून तात्पुरत्या स्वरूपात लागू झाला. मे २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने सिंगापूर कराराच्या निमित्ताने स्पष्ट केलं की गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातले तंटे सोडवण्याची यंत्रणा संघाच्या एकट्याच्या अधिकारात येत नाही. तेव्हापासून गुंतवणुकीचा करार वेगळा काढून व्यापाराचा करार हलका ठेवण्याकडे कल आहे. तो लवकर पार पडतो.

भारताशी वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि २७ जानेवारी २०२६ रोजी त्या पूर्ण झाल्याची घोषणा झाली. घोषणा म्हणजे वरच्या साखळीतली मधली कडी. तुमच्या कंटेनरसाठी तारीख एकच खरी: संघाच्या अधिकृत राजपत्रात करार लागू होण्याची जी छापली असेल ती. त्यातही प्रत्येक मालाचं शुल्क त्याच दिवशी शून्य होत नाही. कुठे पाच-सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरतं, कुठे ठरावीक कोट्यापुरतंच सुटतं. म्हणून बातमीवर सौदा करू नका, परिशिष्टातल्या ओळीवर करा.

आपल्या मालाचा दर शोधणं

हे काम स्वतः करायला शिका. संगणकावर पाव तास लागतो आणि पुढची अनेक वर्षं उपयोगी पडतं.

सुरुवात मालाच्या सांकेतांकापासून. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात: ताजी द्राक्षं ०८०६ १०, बेदाणा ०८०६ २०, कांदा ०७०३ १०. त्यापुढचे आकडे ज्याचे त्याचे. आपल्या शिपिंग बिलावर ताज्या द्राक्षांचा सांकेतांक ०८०६ १० ०० असतो, तर युरोपात खाण्याच्या ताज्या द्राक्षांचा ०८०६ १० १०. संघाचा सांकेतांक आठ आकडी, आणि त्यापुढे कोटा, बंदी, जादा शुल्क यांची नोंद ठेवायला दहा आकडी टॅरिक. ही आठ आकडी यादी दर वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध होते आणि १ जानेवारीपासून लागू होते. आपला द्राक्ष हंगाम नेमका त्या तारखेच्या पुढे सुरू होतो, म्हणून गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून कोटेशन देऊ नका.

टॅरिक या संघाच्या ऑनलाइन शुल्क-सूचीत किंवा आयोगाच्या ॲक्सेस टू मार्केट्स या मोफत संकेतस्थळावर सांकेतांक, मूळ देश भारत आणि माल पोहोचण्याची तारीख टाका. तारीख महत्त्वाची, कारण द्राक्षांचा दर हंगामानुसार बदलतो. जानेवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सर्वसाधारण दर ११.५ टक्के आहे. जुलैच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे इटली-स्पेनची द्राक्षं बाजारात असताना, त्यावर प्रवेशकिमतीची पद्धतही लागते. ठरावीक किमतीपेक्षा स्वस्त माल आला की वर आणखी शुल्क पडतं. नाशिकचा माल जानेवारी ते मे या काळात जात असल्याने ही अडचण आपल्याला सहसा येत नाही.

समोर दोन ओळी दिसतील: सर्व देशांसाठीची आणि विकसनशील देशांसाठीच्या सवलतीची, म्हणजे जीएसपीची. ताजी द्राक्षं 'संवेदनशील' मालात मोडतात. त्यांना शुल्क पूर्ण माफ नसतं, दरात साडेतीन टक्क्यांची सूट मिळते. म्हणून ११.५ ऐवजी ८ टक्के. उदाहरणासाठी, बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून कंटेनरची किंमत २६,००० युरो असेल, तर ११.५ टक्क्यांनी शुल्क २,९९० युरो होतं आणि ८ टक्क्यांनी २,०८०. एका कंटेनरमागे ९१० युरोचा फरक. जीएसपीची नोंद करायला जो कागद लागतो, त्याची किंमत ही एवढी आहे.

त्याच वेळी बाजारात असणाऱ्या दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू यांचे संघाशी करार आहेत. त्यांचा माल आपल्यापेक्षा कमी शुल्कात किंवा शुल्काविना येतो. भावाची बोलणी करताना हा फरक मनात ठेवा. आयातदाराला तो चांगला ठाऊक असतो.

जीएसपी सगळ्या मालाला कायमची नसते. एखाद्या देशाची एखाद्या मालगटातली निर्यात फार वाढली की त्या गटाची सवलत तीन वर्षांसाठी काढून घेतली जाते. २०२६ ते २०२८ या काळासाठी भारताचे पोलाद, यंत्रं, विजेची उपकरणं, कापड असे मोठे औद्योगिक गट सवलतीबाहेर गेले आहेत. अंबडच्या उद्योजकाने शेजारच्या द्राक्षवाल्याचा कागद पाहून आपल्यालाही सवलत आहे असं धरून चालू नये.

सांकेतांकाबद्दलच वाद होईल असा माल असेल, जसं की प्रक्रिया केलेलं अन्न किंवा यंत्राचा सुटा भाग, तर आयातदाराला बंधनकारक सांकेतांक-निर्णय मागायला सांगा. एका देशाच्या सीमाशुल्क खात्याने दिलेला हा निर्णय २७ देशांत तीन वर्षं चालतो. मात्र माल पाठवण्याआधी अर्ज करावा लागतो. कंटेनर बंदरात अडकल्यावर त्याचा उपयोग नाही.

मूळ देशाचा पुरावा : रेक्स

जीएसपीसाठी पूर्वी लागणारं 'फॉर्म ए' प्रमाणपत्र आता चालत नाही. त्याऐवजी रेक्स ही नोंदणी आली. ६,००० युरोपेक्षा जास्त किमतीच्या मालासाठी निर्यातदाराला रेक्स क्रमांक लागतो. आपल्याकडे तो डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने, नेमलेल्या संस्थांकडून मिळतो. त्याखालच्या किमतीच्या मालासाठी नोंदणी नसलेला निर्यातदारही निवेदन करू शकतो.

निवेदन म्हणजे इनव्हॉइसवर छापायचं एक ठरावीक वाक्य. ते इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्येच लागतं आणि त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. खाली मूळ ठरवण्याचा निकष लिहायचा. पूर्णपणे भारतात पिकलेल्या द्राक्षांसाठी इंग्रजी 'पी' हे अक्षर. बाहेरचा कच्चा माल वापरून केलेल्या वस्तूसाठी 'डब्ल्यू' आणि पुढे सांकेतांकाचे चार आकडे. निवेदन बारा महिने चालतं. त्याला आधार देणारे कागद, म्हणजे शेताची नोंद, खरेदीच्या पावत्या, पॅकहाऊसची नोंदवही, त्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपासून किमान तीन वर्षं जपायचे.

चूक कशी होते? बहुतेकदा साधीच. रेक्स क्रमांक एका कंपनीचा आणि इनव्हॉइस दुसऱ्या कंपनीची. किंवा सगळं बरोबर असतं, पण इनव्हॉइस दलालाकडून उशिरा पोहोचते आणि तिकडचा क्लिअरिंग एजंट घोषणापत्रात सवलतीचा २०० हा संकेत न घालता सर्वसाधारण १०० घालून मोकळा होतो. जास्त शुल्क भरलं जातं आणि ते तुमच्या हिशेबातून वजा होऊन येतं. म्हणून बोट निघाल्याच्या दिवशीच निवेदन असलेली इनव्हॉइस थेट एजंटला मेल करा आणि २०० हा आकडा मेलमध्ये स्पष्ट लिहा. विक्रीची पट्टी आली की त्यासोबत आयात घोषणापत्राची प्रतही मागा. ती मागणं तुमचा हक्क आहे हे आधीच करारात लिहून ठेवलेलं बरं.

पुढे भारत-युरोप करार लागू होऊन त्याखाली सवलत घ्यायची झाली, तर निवेदनाचा मजकूर आणि निकष त्या करारातले लागतील. जीएसपीचं जुनं वाक्य तिथे चालणार नाही.

बंदरावर

आयातदाराकडे ईओआरआय, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडचा नोंदणी क्रमांक असतो. एका देशात मिळालेला क्रमांक २७ देशांत चालतो. रॉटरडॅमला शुल्क भरून माल सुटला की तो संघात 'मुक्त संचारात' येतो, म्हणजे पुढे जर्मनी, पोलंड किंवा स्वीडनला न्यायला पुन्हा शुल्क नाही, सीमेवर कागद नाही. शुल्क न भरता माल आत दुसऱ्या देशात नेऊन तिथे सोडवायचा असेल तर टी-१ पारगमन कागद लागतो आणि हमी द्यावी लागते. नाशवंत मालासाठी हा मार्ग क्वचितच परवडतो.

कन्साइनमेंटवर, म्हणजे विकेल त्या भावाने पाठवलेल्या मालाला आयातीच्या दिवशी किंमतच नसते. मग शुल्क कशावर? अशा ठरावीक फळं-भाज्यांसाठी आयोग दर पंधरवड्याला एकक किमती जाहीर करतो आणि एजंट त्या वापरू शकतो. पट्टीवर दाखवलेलं शुल्क नेमक्या कोणत्या किमतीवर काढलं आहे, हे विचारायला संकोच करू नका.

१४ डिसेंबर २०१९ पासून जवळपास प्रत्येक ताज्या फळ-भाजीला फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढेच अपवाद. आयातदाराने ट्रेसेस या संगणक प्रणालीत आगाऊ सूचना भरायची असते. फायटोवरचं वजन, पेट्यांची संख्या आणि कंटेनर क्रमांक इनव्हॉइसशी तंतोतंत जुळला नाही की माल थांबतो. आणि रीफर, म्हणजे शीत कंटेनर थांबला की वीज आणि जागेचं भाडं दिवसागणिक चढत जातं.

अंशमर्यादा आणि किडी : सर्वांत महाग पडणारा भाग

रसायनांच्या कमाल अंशमर्यादा, आपल्या भाषेत एमआरएल, संघभर एकच आहेत. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. आपल्याकडे शिफारस असलेलं औषधही तिकडे याच ओळीत येऊ शकतं. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले, तेव्हा नाशिक जिल्ह्याने त्याची झळ सोसली. त्यातून घ्यायचा व्यवहार एवढाच: प्रयोगशाळेचा अहवाल 'स्वच्छ' म्हणजे तपासलेल्या यादीपुरता स्वच्छ. बागेत जे वापरलं ते प्रत्येक नाव त्या यादीत आहे का, हे फवारणीच्या वहीवर बोट ठेवून पडताळा.

बागेची नोंदणी दर हंगामात कृषी विभागाकडे आणि अपेडाच्या (कृषी निर्यातीसाठीची केंद्रीय संस्था) ग्रेपनेट या संगणक प्रणालीवर करायची. औषधांची यादी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने त्या हंगामासाठी दिलेली वापरायची, गेल्या वर्षीची नाही. कारण संघात मर्यादा वर्षभर बदलत राहतात. फळछाटणी ऑक्टोबरात आणि काढणी फेब्रुवारीत, या दरम्यान मर्यादा खाली आली तर तुम्ही वापरलेलं औषध चार महिन्यांनी अडचणीचं ठरू शकतं. काढणीपूर्व कालावधी मोजताना हे लक्षात ठेवून थोडे दिवस जास्तच सोडा.

सदस्य देशांची समिती एकत्र मतदान करते, म्हणून एका देशातल्या बंदरावरची तक्रार सगळ्यांची बंदी बनू शकते. १ मे २०१४ पासून भारताचा आंबा आणि वांगं, कारलं, पडवळ, अळू यांची आयात संघाने फळमाशी व इतर किडी सापडल्याने थांबवली. हापूसचा ऐन हंगाम होता. आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला. २०२० मध्ये तिळात इथिलिन ऑक्साइड सापडल्यावर ऑक्टोबरपासून भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा सीमेवर तपासायचं ठरलं आणि सोबत प्रमाणपत्र सक्तीचं झालं. कोणत्या देशाचा कोणता माल किती टक्के तपासायचा ही यादी २०१९/१७९३ या क्रमांकाच्या नियमाखाली असते आणि साधारण दर सहा महिन्यांनी बदलते. सौदा करण्याआधी ती पाहा. निम्म्या खेपा तपासल्या जाणार असतील तर प्रयोगशाळेचा खर्च आणि चार-सहा दिवसांचा उशीर भावात धरावाच लागतो.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. "एमआरएलच्या एक तृतीयांशच अंश हवेत", "चार-पाचपेक्षा जास्त औषधं दिसायला नकोत", "ग्लोबलगॅप (चांगल्या शेतीपद्धतीचं खासगी प्रमाणपत्र) हवंच" या अटी सुपरमार्केटच्या आहेत, युरोपीय संघाच्या नाहीत. त्या पाळाव्या लागतात हे खरं. पण त्यावर माल नाकारला गेला तर सरकारकडे दाद मागता येत नाही, खरेदी करारातलं कलमच कामाला येतं. म्हणून आयातदार "युरोपचा नियम" म्हणाला की नियमाचा क्रमांक विचारा.

सातपूर-अंबडकरांसाठी

डंपिंगविरोधी चौकशी हा कारखानदाराला सर्वांत अनोळखी भाग. युरोपातल्या उत्पादकांनी तक्रार केली, तक्रारीला पाठिंबा देणाऱ्यांकडे संघातल्या उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा असला आणि पुरावा पुरेसा वाटला, की आयोग राजपत्रात सूचना छापून चौकशी उघडतो. त्या दिवसापासून घड्याळ सुरू. नमुना निवडीचा फॉर्म साधारण ७ दिवसांत भरायचा, नमुन्यात निवड झाली तर मोठी प्रश्नावली सुमारे ३० दिवसांत. तात्पुरतं शुल्क ७ ते ८ महिन्यांत लागू शकतं आणि अंतिम निर्णय जास्तीत जास्त १४ महिन्यांत. अंतिम शुल्क साधारण पाच वर्षं चालतं. सदस्य देशांनी पात्र, म्हणजे वर सांगितलेल्या ५५ आणि ६५ टक्क्यांच्या, बहुमताने विरोध केला तरच आयोगाचा अंतिम प्रस्ताव पडतो, आणि असं बहुमत जुळणं अवघड असतं.

लहान कारखाना म्हणून गप्प बसणं यात सर्वांत महाग. फॉर्म भरणाऱ्या पण नमुन्यात न आलेल्या कंपनीला नमुन्यातल्यांची भारित सरासरी लागते. न भरणाऱ्याला साधारणपणे सर्वांत वरचा दर. सात दिवसांत भरायचा तो फॉर्म फार मोठा नसतो. अडचण असते ती बातमी वेळेत कळण्याची. त्यासाठी उद्योग संघटनेच्या पत्रकावर अवलंबून न राहता संघाच्या राजपत्रातल्या नव्या चौकशीच्या सूचना आठवड्यातून दोनदा पाहा.

दुसरा विषय कार्बन शुल्काचा, सीबॅमचा. हा नियम पर्यावरण कायद्याखाली झाला आहे, व्यापार करारात शुल्क शून्य झालं तरी तो राहतो. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज हे त्यातले गट. नट-बोल्टही त्यात येतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक बोजा सुरू झाला, आणि २०२६ च्या आयातीसाठीची प्रमाणपत्रं आयातदारांना फेब्रुवारी २०२७ पासून विकत घ्यावी लागतील. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. ही मर्यादा आयातदाराची, तुमची नाही. तुम्ही दहा टनच पाठवत असाल, पण तो इतरांकडून शंभर टन घेत असेल, तर तुमच्याकडेही उत्सर्जनाचा हिशेब मागितला जाईल. प्रत्यक्ष मोजलेली आणि पडताळलेली आकडेवारी नसेल तर आयोगाचे ठरावीक आकडे लावतात आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले असतात. कच्चं पोलाद कोणत्या भट्टीचं, याची नोंद गिरणी-प्रमाणपत्रासह आजपासून ठेवायला लागा.

अडलं तर कोणाकडे

दर किंवा कराराबद्दल तक्रार असेल तर वाट अपेडा किंवा निर्यात परिषदेमार्फत केंद्रीय वाणिज्य मंत्रालय आणि तिथून युरोपीय आयोग अशी. एखाद्या देशाच्या दूतावासाला शुल्काबद्दल लिहून काही होत नाही. माल बंदरावर अडला असेल तर उलट: आयातदार आणि त्याचा एजंट त्या बंदराच्या अधिकाऱ्याशी बोलेल, दिल्लीची वाट पाहण्यात कंटेनर सडेल. माल नाकारला गेला तर अहवालाची प्रत आणि दुसऱ्या नमुन्याच्या तपासणीचा हक्क त्याच दिवशी मागा.

शुल्क चुकून जास्त भरलं गेलं असेल तर पैसे परत मिळवता येतात. जीएसपीचं निवेदन निर्यातीनंतरही करता येतं, मात्र ते आयातीपासून दोन वर्षांच्या आत त्या देशाच्या सीमाशुल्क खात्यासमोर यायला हवं. परताव्याचा अर्ज आयातदार किंवा त्याचा प्रतिनिधी करतो आणि त्याची मुदत शुल्काची सूचना मिळाल्यापासून तीन वर्षं आहे. पैसे आयातदाराच्या खात्यात जमा होतात. म्हणून परतावा आल्यावर तो तुमच्या पट्टीत कधी आणि कसा जमा होईल, हे हंगामाच्या सुरुवातीच्या करारातच लिहून सही घ्या.